सहा खुर्च्यांच्या गेमिंग सेंटरसाठी भांडवल कसं उभं केलं

गेमिंग सेंटरसाठी, म्हणजे तासाच्या भाड्याने गेम खेळायच्या जागेसाठी, बँकेत पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या हातात कॉम्प्युटरची कोटेशनं होती आणि तोंडात ग्राफिक कार्डांची नावं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "ताई, एक खुर्ची दिवसाला किती तास भरेल?" मला उत्तर देता आलं नाही. अर्ज तिथेच थांबला.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे की कर्जाचा फॉर्म नंतर भरा, आधी वही घ्या. कराडला आधीपासून चालू असलेल्या एका सेंटरमध्ये मी तीन आठवडे पैसे देऊन बसले. दर तासाला किती खुर्च्या भरल्या, पीसीवर किती, कन्सोलवर (टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्रावर) किती, एवढंच लिहीत गेले. दुपारी दोनपर्यंत शुकशुकाट. कॉलेज सुटलं की पाचपासून रांग. रविवारी पाऊस असला तर पोरं खुर्चीतून उठायचीच नाहीत. कॉलेजच्या सबमिशनच्या आठवड्यात मात्र सगळं रिकामं. ही २१ पानं पुढे प्रकल्प अहवालापेक्षा जास्त कामाला आली. दुसऱ्या बँकेच्या मॅनेजरनी अहवाल मिटून बाजूला ठेवला आणि वहीच चाळली. पावसाच्या रविवारच्या पानावर बोट ठेवून म्हणाले, "हे खरं दिसतंय."

आता आकडे. चार पीसी प्रत्येकी ७५,००० रुपये, दोन कन्सोल, दोन टीव्ही, टेबल-खुर्च्या, एसी, इन्व्हर्टर, वायरिंग, गेम्स आणि सुरुवातीचं खेळतं भांडवल मिळून माझा प्रकल्प ९ लाखांचा झाला. वायरिंगला कमी धरू नका. सहा मशीन आणि एसी एकदम चालले की जुनी वायर तापते. माझे त्यात आणि फर्निचरमध्ये १,१०,००० गेले.

पीसीचा दर ५० रुपये तास, कन्सोलचा ८०. सहाही खुर्च्या एक तास भरल्या तर ३६० रुपये. महिन्याचा खर्च असा: भाडं ९,०००, वीज ७,५००, इंटरनेट १,२००, मदतीला मुलगा ८,०००. एकूण २५,७००. त्यावर कर्जाचा हप्ता साधारण ११,७५० चा. २६ दिवस धरले तर प्रत्येक खुर्ची रोज चार तास भरली की सगळं भागतं. पाच तास भरली तर घरी नऊ-साडेनऊ हजार येतात. तीनच तास भरली तर खर्च जाऊन अडीच हजारसुद्धा उरत नाहीत, म्हणजे हप्ता खिशातून. हा 'चार तासांचा' आकडा तुमच्या गावाचा, तुमच्या भाड्याचा काढा. तो काढल्याशिवाय कुणाकडेही पैसे मागू नका, सख्ख्या भावाकडेसुद्धा.

पैसे कुठून आले ते सांगते. मी २०२४ मध्ये पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून अर्ज केला. तेव्हा त्यात सेवा व्यवसायासाठी २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसत होता. सर्वसाधारण पुरुष अर्जदाराला शहरात १५ टक्के आणि ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान, स्वतःचा हिस्सा १० टक्के. महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग यांना शहरात २५, ग्रामीणमध्ये ३५ आणि स्वतःचा हिस्सा फक्त ५ टक्के. मी शहरातला गाळा सोडून कॉलेजजवळ, ग्रामपंचायतीच्या हद्दीतला गाळा धरला. चालत दहा मिनिटांचा फरक, पण अनुदान २५ वरून ३५ टक्क्यांवर गेलं. गाळा ठरवण्याआधी हद्द विचारा, ही गोष्ट मला कुणी आपणहून सांगितली नव्हती.

हिशेब असा बसला: स्वतःचे ४५,०००, बँकेचे ८,५५,००० आणि त्यात अनुदान ३,१५,०००. अनुदान हातात मिळत नाही. ते तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकतं, तेवढ्या रकमेवर बँक व्याज लावत नाही, आणि धंदा चालू आहे हे पाहूनच ते कर्जात वळतं होतं. म्हणजे खरं कर्ज ५,४०,००० चं. वरचा हप्ता ११ टक्क्यांनी पाच वर्षांचा आहे. तीन वर्षांच्या आत शटर ओढलं तर अनुदानावर पाणी सोडावं लागतं, हे मनाशी पक्कं करूनच सही करा.

अर्ज ऑनलाइन भरायचा आणि जिल्हा उद्योग केंद्राचा पर्याय निवडायचा. अर्जाला फी नाही. माझ्या चुलतभावाने 'फाइल पास करून देतो' म्हणणाऱ्या एकाला ६,००० रुपये दिले. ना फाइल हलली, ना पैसे परत आले. उद्योग केंद्रात स्वतः जा, तिथली माणसं नीट सांगतात. नियम आणि मुदती बदलत असतात, तेही तिथेच विचारून घ्या.

एक चूक अनेकांची होते. या योजनेतलं पहिलं कर्ज नव्या धंद्यालाच मिळतं. उत्साहात आधी सेंटर चालू केलं, उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करून टाकली, की तुम्ही जुने ठरता. तसं झालं असेल तर मुद्रा कर्जाचा रस्ता धरा: शिशु ५०,००० पर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत. तारण लागत नाही, पण अनुदानही नाही. मराठा समाजातल्या मुलांनी अण्णासाहेब पाटील महामंडळाची व्याज परतावा योजना पाहावी. आधी पात्रतेचं पत्र, मग बँक, आणि हप्ता वेळेवर भरला तरच व्याज परत येतं. दोन सरकारी अनुदानं एकाच धंद्यावर मिळत नाहीत. स्टार्टअपसाठीच्या सरकारी निधीच्या मागे वेळ घालवू नका. त्या मान्यतेला कंपनी, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी), नोंदणीकृत भागीदारी अशी रचना लागते आणि कल्पनेत काही नवं असावं लागतं. सहा खुर्च्यांचं सेंटर त्यात बसत नाही.

बँकेत 'गेमिंग' म्हटलं की समोरच्याच्या मनात जुगार येतो. मलाही विचारलं, "पैसे लावून खेळतात का?" आता ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा कायदा झालाय, त्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी आहे आणि ई-स्पोर्ट्सला (व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना) मान्यता आहे. अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहा: येथे पैसे लावून कोणताही खेळ होणार नाही, ग्राहक फक्त तासाचं भाडं देतो. सायबर कॅफेच्या २०११ च्या नियमांप्रमाणे ओळखपत्र पाहून नोंदवही ठेवणार, हेही लिहा. पोलीस ठाणं आणि ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेत कोणता परवाना लागतो ते आधी विचारून घ्या. मी सकाळच्या रिकाम्या वेळासाठी प्रिंट, स्कॅन आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं काम जोडलं. मॅनेजरना त्याने धीर आला, आणि खरं सांगायचं तर जून महिन्यात मलाही त्यानेच तारलं.

कोटेशन जीएसटी नंबर असलेल्या दुकानाचंच घ्या. बँक पैसे तुमच्या हातात देत नाही, थेट दुकानदाराच्या खात्यात टाकते. ओळखीचा पोरगा स्वस्तात असेंबल करून देतो म्हणाला तरी पक्कं बिल नसेल तर ते मशीन कर्जात बसणार नाही. बिलावर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटीला तोच लागतो.

स्वतःच्या हिश्शाचे ४५,००० आणि गाळ्याची अनामत ५०,००० मी भिशीतून आणि नोकरीतल्या शिलकीतून भरले. आणखी ३५,००० वेगळ्या खात्यात ठेवले, साधारण तीन हप्त्यांचे. दिवाळीत आणि मे महिन्यात हॉस्टेलची पोरं गावी जातात, तेव्हा त्या खात्याला हात लागतो. परतफेड सुरू व्हायला सहा महिन्यांपर्यंत सवलत मिळू शकते, मंजुरीच्या वेळीच तोंडाने मागा. मी जानेवारीत चालू केलं आणि पहिला हप्ता जुलैत, कॉलेज भरल्यावर पडेल असं मागून घेतलं.