रसायनशास्त्राचे गणित सोडवायला बसण्यापूर्वी

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला रसायनशास्त्रातील गणिते म्हणजे मुख्यतः मोल, द्रावणाची तीव्रता, वायूंचे नियम, सामू (पीएच) आणि ऊष्मागतिकी (थर्मोडायनॅमिक्स) यांवरील उदाहरणे. भरपूर सराव करूनही ती चुकतात आणि चुकल्यावर विद्यार्थी म्हणतो, ‘सूत्र आठवले नाही.’ उत्तरपत्रिका तपासताना दिसते ते वेगळेच असते. सूत्र बहुधा बरोबर लिहिलेले असते. त्यात घातलेला आकडा भलत्याच एककातला असतो, समीकरण संतुलित केलेले नसते किंवा प्रश्नातला एखादा शब्द नजरेतून निसटलेला असतो. म्हणून पुढील तयारी आकडेमोडीच्या आधीची आहे.

सर्वप्रथम शब्द पक्के करावेत. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्याला आम्लारी, क्षपण, संयुजा, अवक्षेप आणि उदासिनीकरण हे शब्द चांगले ठाऊक असतात. अकरावीपासून तेच बेस, रिडक्शन, व्हॅलन्सी, प्रेसिपिटेट आणि न्यूट्रलायझेशन होऊन समोर येतात आणि परीक्षेत प्रश्नाचा अर्थ लावण्यातच वेळ जातो. वहीच्या शेवटच्या पानांवर या शब्दांच्या जोड्या लिहून ठेवाव्यात, आणि त्यांत प्रश्नपत्रिकेच्या भाषेतील बारकावेही टिपावेत. १० मिलि द्रावण ‘डायल्युटेड टू १०० मिलि’ असे लिहिले असेल तर एकूण आकारमान १०० मिलि होते, आणि ‘डायल्युटेड विथ १०० मिलि’ असे असेल तर ते जवळपास ११० मिलि होते. एका छोट्या शब्दाने उत्तर दहा टक्क्यांनी हलते, आणि हा फरक रसायनशास्त्राच्या तासाला सहसा कोणी सांगत नाही.

कॅल्क्युलेटर चालणार की लॉग टेबल, हे आधीच विचारून घ्यावे. महाराष्ट्रात बारावीच्या बोर्डाच्या पेपरला लॉग टेबल चालते, कॅल्क्युलेटर चालत नाही. पदवीला नियम ठिकाणानुसार बदलतो. जे साधन परीक्षेत हाती असेल त्याच साधनाने घरी सराव करावा.

त्यानंतर अणुभारांचा तक्ता हाताशी ठेवावा, आणि ज्या पदार्थाचा रेणुभार काढायचा त्याचे सूत्र बाटलीवरील लेबलाप्रमाणे, स्फटिकजलासह (स्फटिकात बांधलेल्या पाण्यासह), लिहिण्याची सवय लावून घ्यावी. ही सवय मला स्वतःला महागात शिकावी लागली. पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात ०.१ नॉर्मल (एका लिटरमध्ये तुल्यभाराच्या ०.१ पट ग्रॅम) ऑक्झॅलिक आम्लाचे २५० मिलि द्रावण करायचे होते. मी पाठ केलेल्या सूत्रावरून रेणुभार ९० धरला, आम्लात दोन हायड्रोजन म्हणून तुल्यभार त्याच्या निम्मा, ४५, काढला आणि १.१२५ ग्रॅम पदार्थ अगदी काळजीपूर्वक तोलला. बाटलीत मात्र पाण्याचे दोन रेणू असलेले स्फटिक होते. त्यांचा रेणुभार १२६, तुल्यभार ६३, म्हणजे तोलायला हवे होते १.५७५ ग्रॅम. हे आम्ल ब्युरेट या खुणांच्या नळीतून सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये सोडत, फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग जाईपर्यंत टायट्रेशन केले तेव्हा शेजारच्या मुलांचे रीडिंग १० मिलिच्या आसपास होते आणि माझे १४. पायलट म्हणजे पहिल्या अंदाजी रीडिंगनंतर तीनदा तोच आकडा आला, सीबीआर (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग) म्हणून तो मी विश्वासाने जर्नलमध्ये लिहिला, आणि सोडियम हायड्रॉक्साइडची तीव्रता ०.१ च्या जागी ०.१४ नॉर्मल काढून मोकळा झालो. हात स्थिर होता, ब्युरेट स्वच्छ होती, आकडेमोडही बरोबर होती. चूक तराजूपाशी जाण्याआधीच झालेली होती. तेव्हापासून ऑक्झॅलिक आम्ल, मोहर क्षार, मोरचूद आणि धुण्याचा सोडा या चार पदार्थांचे रेणुभार मी स्फटिकजलासह वेगळ्या कागदावर लिहून ठेवतो, आणि विद्यार्थ्यांनाही तसेच करायला सांगतो.

मोल ही संकल्पना पक्की आहे का, हे तपासण्यासाठी व्याख्या म्हणून पाहण्याऐवजी एखादे उदाहरण सोडवावे. (व्याख्या २० मे २०१९ पासून बदलली आहे: कार्बन-१२ च्या १२ ग्रॅमचा आधार सोडून आता ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात ही नेमकी संख्याच ठरवून दिली आहे. जुन्या पुस्तकातली व्याख्या लिहिताना हे ध्यानात असावे. गणिताच्या उत्तराला त्याने धक्का लागत नाही.) उदाहरण असे घ्यावे: १० ग्रॅम हायड्रोजन आणि ४० ग्रॅम ऑक्सिजन यांपासून किती पाणी तयार होईल? ऑक्सिजन वजनाने चौपट आहे, म्हणून हायड्रोजन आधी संपेल असे पुष्कळ जण उत्तर देतात. मोल काढले की चित्र उलटते. हायड्रोजन ५ मोल आहे आणि त्याला २.५ मोल ऑक्सिजन लागतो. हाताशी आहे केवळ १.२५ मोल. लिमिटिंग रिएजंट, म्हणजे आधी संपणारा पदार्थ, ऑक्सिजन ठरतो, २.५ मोल म्हणजे ४५ ग्रॅम पाणी तयार होते आणि ५ ग्रॅम हायड्रोजन उरतो. शेवटी ४५ आणि ५ यांची बेरीज सुरुवातीच्या ५० ग्रॅमशी जुळते की नाही, हे पाहावे. ही पडताळणी करायला दहा सेकंद लागतात, आणि तरीही ती करणारा विद्यार्थी विरळा.

द्रावणांच्या गणितांसाठी मोलॅरिटी, मोलॅलिटी आणि नॉर्मॅलिटी यांच्या व्याख्यांतील छेद वेगवेगळे लिहून समोर ठेवावेत: पहिलीत व तिसरीत एक लिटर द्रावण, दुसरीत एक किलोग्रॅम द्रावक. विरल द्रावणात पहिल्या दोन्हींचे आकडे इतके जवळ येतात की फरक जाणवतच नाही. म्हणून फरक समजून घ्यायचा तर संहत सल्फ्युरिक आम्लाची बाटली डोळ्यांसमोर आणावी. लेबलावर ९८ टक्के आणि घनता १.८४ असे लिहिलेले असते. एक लिटर आम्लाचे वस्तुमान १८४० ग्रॅम, त्यात शुद्ध आम्ल सुमारे १८०३ ग्रॅम, म्हणून मोलॅरिटी सुमारे १८.४. तेच मोलॅलिटीने मोजले, तर ९८ ग्रॅम आम्लाला पाणी फक्त २ ग्रॅम असल्याने आकडा ५०० च्या घरात जातो. एकच बाटली, दोन एकके, आणि उत्तरात सत्तावीसपट तफावत.

टायट्रेशनच्या गणितात नॉर्मॅलिटी वापरली तर दोन्ही बाजूंचे तीव्रता आणि आकारमान यांचे गुणाकार थेट समान मांडता येतात. मोलॅरिटी वापरली तर संतुलित समीकरणातील प्रमाण मध्ये यायलाच हवे. १० मिलि सोडियम हायड्रॉक्साइडला ०.०५ मोलर ऑक्झॅलिक आम्ल ९.८ मिलि लागले, तर उत्तर ०.०९८ मोलर येते. एका आम्ल रेणूला आम्लारीचे दोन रेणू लागतात हे विसरले की ०.०४९ येते, आणि हे उत्तर दिसायला इतके साळसूद असते की शंकाच येत नाही.

वायूंच्या गणितांसाठी फारशी तयारी लागत नाही. तापमान केल्विनमध्ये आणि वायू-स्थिरांक दाबाच्या एककाशी जुळणारा, एवढे सांभाळले की पुरे. दाब ॲटमॉस्फिअरमध्ये असेल तर ०.०८२१, पास्कल आणि घनमीटर असतील तर ८.३१४. प्रमाण स्थितीतील एक मोल वायूचे आकारमान कुठे २२.४ लिटर तर कुठे २२.७ लिटर दिलेले दिसेल. दोन्ही बरोबर आहेत. १९८२ मध्ये प्रमाण दाब १ ॲटमॉस्फिअरवरून १ बारवर आणला गेला, त्याचा हा परिणाम आहे. प्रश्नात जो दाब दिला आहे त्यानुसार आकडा घ्यावा.

सामूच्या उदाहरणांपूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. ०.१ मोलर ॲसेटिक आम्लात आयनीभवन स्थिरांक १.८ गुणिले १० चा उणे ५ वा घात धरला, तर हायड्रोजन आयनांची तीव्रता १.३४ गुणिले १० चा उणे ३ रा घात येते. १.३४ चा लॉग ०.१२७ आहे, म्हणून सामू ३ वजा ०.१२७ म्हणजे २.८७. लॉग टेबलवर काम करणारी मुले येथे बेरीज करून ३.१३ लिहितात; म्हणून मॅन्टिसा (लॉगचा दशांश भाग) नेहमी धन असतो आणि उणे चिन्ह फक्त कॅरॅक्टरिस्टिकला (पूर्णांक भागाला) लागते, हे एकदा कागदावर मांडून पाहावे. दुसरी गोष्ट गृहीतकाची. वर्गमूळ घेऊन काम भागते ते आम्लाचे आयनीभवन पाच टक्क्यांच्या आत असेपर्यंत. वरील उदाहरणात ते १.३४ टक्के आहे. तेच आम्ल हजारपट विरल केले तर वर्गमूळाच्या रीतीने ४२ टक्के येते, आणि मग वर्गसमीकरण सोडवण्यावाचून गत्यंतर नसते. याच जातीचा आणखी एक सापळा म्हणजे १० च्या उणे ८ व्या घाताइतकी तीव्रता असलेले हायड्रोक्लोरिक आम्ल. सामू ८ लिहून पुढे जाणाऱ्याने आम्लाला आम्लारी ठरवलेले असते. पाण्याचे स्वतःचे आयन हिशेबात धरले की उत्तर ६.९८ येते.

ऊष्मागतिकीत एन्थॅल्पी किलोज्यूलमध्ये आणि एन्ट्रॉपी ज्यूलमध्ये दिलेली असते, हे कोष्टक पाहतानाच लाल पेनाने अधोरेखित करावे. नायट्रोजन आणि हायड्रोजन यांपासून दोन मोल अमोनिया होताना एन्थॅल्पीतील बदल उणे ९२.२ किलोज्यूल आणि एन्ट्रॉपीतील बदल प्रति केल्विन उणे १९८.७ ज्यूल आहे. गिब्ज ऊर्जेतील बदल म्हणजे एन्थॅल्पीतील बदलातून तापमान आणि एन्ट्रॉपीतील बदल यांचा गुणाकार वजा करून येणारा आकडा; तो उणे असेल तर अभिक्रिया आपोआप होऊ शकते. २९८ केल्विनला तो उणे ३३ किलोज्यूल येतो. हजाराने भागायचे राहिले तर अधिक ५९ हजार येतात, चिन्हच पालटते, आणि जगभर ज्या अभिक्रियेवर खतांचे कारखाने चालतात ती अभिक्रिया आपोआप होणार नाही असा निष्कर्ष उत्तरपत्रिकेत लिहिला जातो.

सार्थ अंकांचा विचार शेवटी करावा, मधल्या पायऱ्यांत नव्हे. मधले आकडे एक-दोन अंक जास्त ठेवून न्यावेत आणि राउंडिंग अखेरच्या ओळीत करावे. प्रात्यक्षिकात ब्युरेटवरील लहानात लहान खूण ०.१ मिलिची असते. तीवरून वाचलेल्या ९.८ मिलिपासून कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर ०.०९८०३९२ उमटले, तरी जर्नलमध्ये ०.०९८ एवढेच लिहावे. पोटॅशियम परमँगनेट ब्युरेटमध्ये असेल तर गडद रंगामुळे खालची कड दिसत नाही, म्हणून वरची कड वाचावी, आणि पहिले व शेवटचे अशी दोन्ही रीडिंग त्याच कडेवरून घ्यावीत.