अमेरिकेतल्या ग्रोसरी स्टोअरमध्ये स्वस्त आणि चांगली रेड वाइन कशी निवडावी

महाराष्ट्रातून नव्याने अमेरिकेत आलेल्या माणसाला भाजी, दूध, अंडी घेता घेता अख्खी रांगच्या रांग वाइनच्या बाटल्यांची दिसली की बावरायला होतं. आपल्याकडे २०२२च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला होता, पण विरोध झाला आणि तो अंमलात आला नाही. त्यामुळे किराण्याबरोबर वाइन घेण्याची सवय आपल्याला नाही. मग बहुतेक जण ओळखीचं नाव किंवा सुंदर लेबल बघून बाटली उचलतात. त्याच पैशांत याहून कितीतरी चांगली वाइन मिळू शकते.

आधी आपल्या राज्याचा नियम बघा

कॅलिफोर्निया आणि टेक्ससमध्ये ग्रोसरीत वाइन सर्रास मिळते. कोलोरॅडोत ती मार्च २०२३पासून मिळू लागली. न्यूयॉर्कमध्ये मात्र ग्रोसरीत बिअर मिळते पण वाइन नाही, तिच्यासाठी वेगळं लिकर स्टोअर गाठावं लागतं. न्यू जर्सीत परवान्यांवर मर्यादा असल्याने एकाच साखळीच्या एका दुकानात वाइन असते आणि दुसऱ्यात नसते. वय २१ पूर्ण हवं, आणि ओळखपत्र खिशात असू द्या.

किती पैसे घालायचे ते ठरवा

बाटली, बूच, लेबल, वाहतूक, कर हे खर्च स्वस्त वाइनलाही चुकत नाहीत. सहा डॉलरच्या बाटलीत हे सगळं वजा केल्यावर द्राक्षांच्या वाट्याला फार थोडं उरतं. बारा डॉलरच्या बाटलीत हे खर्च दुप्पट होत नाहीत, म्हणून वरच्या पैशांतला बराच भाग खऱ्या अर्थाने वाइनमध्ये जातो. ट्रेडर जोज या ग्रोसरी साखळीने २००२मध्ये १.९९ डॉलरला चार्ल्स शॉ नावाची वाइन आणून खळबळ उडवली होती हे खरं, पण रोजच्या जेवणासाठी माझा सल्ला १० ते १५ डॉलरचा. या पट्ट्यात एकेक डॉलर वाढवला तरी फरक जिभेला कळतो.

प्रसिद्ध गाव सोडा, शेजारचं घ्या

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. देवगडच्या हापूसची पेटी कोणी निम्म्या भावात देऊ लागला तर आपण आधी संशय घेतो, आणि तेवढ्याच पैशांत उत्तम पायरी आनंदाने घरी आणतो. वाइनचंही तसंच आहे. नापा, बोर्दो, बर्गंडी या प्रसिद्ध वाइन-प्रदेशांच्या नावांनाच किंमत असते. बारा डॉलरला ‘बोर्दो’ मिळेल, पण बरेचदा ती त्या नावाला न शोभणारी, पातळ आणि आंबट असते.

पिनो न्वार या द्राक्षाच्या वाइनबद्दल विशेष सावध राहा. पातळ सालीचं, हवामानाला नाजूक असं हे द्राक्ष पिकवायलाच महाग पडतं. त्यात अमेरिकेच्या केंद्रीय नियमानुसार लेबलवर द्राक्षाचं नाव छापायला बाटलीत ते ७५ टक्के असलं की पुरतं, उरलेलं २५ टक्के दुसरं काहीही चालतं. (ओरेगनमध्ये नियम कडक आहे, तिथे पिनो न्वार ९० टक्के लागते.) दहा डॉलरची पिनो गडद लाल आणि जाडसर लागली, तर त्यामागे बहुधा हेच पंचवीस टक्के असतात.

मग घ्यायचं काय? स्पेनची गार्नाचा (हे द्राक्षाचं नाव), आणि लेबलवर कालातायुद किंवा काम्पो दे बोर्हा या भागांचं नाव दिसलं तर डोळे मिटून. तिथे जुन्या वेली भरपूर आहेत, नाव मोठं नाही, त्यामुळे भाव अजून आवाक्यात आहे. फ्रान्सची हवी असेल तर कोत द्यु रोन भागातली. पोर्तुगालच्या दोरो आणि आलेंतेजू भागांतल्या साध्या रेड वाइन माझ्या मते या संपूर्ण रांगेतला सर्वात चांगला सौदा आहेत, केवळ द्राक्षांची नावं अनोळखी म्हणून लोक त्यांना हात लावत नाहीत. इटलीची मोंतेपुल्चानो द’अब्रुत्झो पिझ्झा-पास्त्याबरोबर छान जाते. तिच्याशी नावसाधर्म्य असलेली व्हिनो नोबिले दी मोंतेपुल्चानो ही तस्कनीतली वेगळी आणि बरीच महाग वाइन, तेवढा घोळ करू नका. अर्जेंटिनाची माल्बेक सगळ्यांना ठाऊक आहेच. चिलीची कार्मेनेर तेवढी नाही, कारण १९९४मध्ये तज्ज्ञांनी ओळखेपर्यंत तिच्या वेली तिथे मर्लो हे दुसरंच द्राक्ष समजून वाढवल्या जात होत्या.

बाटली उलटी करून वाचा

पुढचं लेबल विकण्यासाठी असतं, मागचं वाचण्यासाठी. ‘रिझर्व्ह’ या शब्दाला अमेरिकन वाइनवर कायद्याने काहीच अर्थ नाही, कोणीही छापू शकतो. स्पेनमध्ये मात्र अर्थ आहे: तिथल्या रिओहा भागातल्या बाटलीवर ‘क्रियान्झा’ असेल तर ती रेड वाइन किमान दोन वर्षं मुरलेली, त्यातलं किमान एक वर्ष ओकच्या पिंपात. बारा-चौदा डॉलरमध्ये मुरवण्याची ही मेहनत तुम्हाला मिळते, म्हणून मला क्रियान्झा फार प्रिय आहे.

कॅलिफोर्नियाच्या बाटलीवर बारीक अक्षरांत ‘प्रोड्यूस्ड अँड बॉटल्ड बाय’ दिसलं तर किमान ७५ टक्के वाइन त्या वायनरीने स्वतः आंबवलेली असते. ‘सेलर्ड’ किंवा ‘व्हिंटेड’ असेल तर दुसऱ्याची तयार वाइन विकत घेऊन भरलेली असू शकते. ती वाईटच असेल असं नाही, पण दोन बाटल्यांत अडकलात तर पहिली घ्या.

बाटलीवरचं साल, म्हणजे द्राक्षं तोडल्याचं वर्ष, बघा. या किमतीच्या बहुतेक रेड वाइन ताज्याच पिण्यासाठी केलेल्या असतात, एक ते तीन वर्षांच्या आतली घ्या. जितकी जुनी तितकी चांगली हे इथे लागू नाही. फिरकीचं झाकण पाहून नाक मुरडू नका, आणि जड बाटलीला भुलू नका, काचेच्या वजनाचा चवीशी संबंध नाही.

कप्प्याला लावलेल्या चिठ्ठीवर समीक्षकांनी दिलेले ‘९२ गुण’ लिहिलेले असतात. ते गुण कोणत्या सालच्या वाइनला आहेत ते बाटलीवरच्या सालाशी ताडून पाहा. चिठ्ठी जुनी आणि बाटली नवी असा प्रकार अनेकदा सापडतो. डोळ्यांसमोरच्या कप्प्यात बहुधा मोठ्या जाहिरातीच्या कंपन्या असतात, तेव्हा थोडं वाका आणि खालचे कप्पेही बघा.

आपल्या जेवणाचा विचार करा

तिखट आणि टॅनिन (वाइनला तुरटपणा देणारा घटक) यांचं पटत नाही. कॅबर्नेसारखी तुरट वाइन तांबड्या रश्शाबरोबर घेतली की तोंड आणखी पेटतं, जास्त अल्कोहोल असेल तर अधिकच. म्हणून मटण रस्सा किंवा झणझणीत मिसळीसारख्या जेवणाबरोबर कमी तुरट, फळांची चव असलेली गार्नाचा किंवा फ्रान्सची हलकी बोज्योले घ्या, आणि अल्कोहोल १३-१४ टक्क्यांच्या आसपास ठेवा. सुक्या मटणाला, कबाबला माल्बेक झकास. ‘रेड ब्लेंड’ नावाच्या अनेक लोकप्रिय अमेरिकन वाइनमध्ये साखर बरीच असते आणि लेबलवर ती लिहिण्याचं बंधन नाही. ‘स्मूद’, ‘व्हेल्वेट’ असे शब्द मोठ्याने छापलेले दिसले तर गोडव्याची तयारी ठेवा.

घरी आणल्यावर पिण्याआधी वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. अमेरिकन घरांची ऊब रेड वाइनला जास्तच होते, १६ ते १८ अंश सेल्सिअसला तीच बाटली नीटस लागते. उरली तर बूच लावून फ्रीजमध्ये, दोन-तीन दिवसांत संपवा. रोज अर्धा ग्लासच घेणाऱ्यांनी तीन लिटरचा खोका बघावा. त्यात चार बाटल्यांची वाइन असते आणि आतल्या पिशवीत हवा शिरत नसल्याने ती महिनाभर टिकते.

बऱ्याच दुकानांत सहा बाटल्यांवर सूट असते. पण पहिल्या खेपेला एकच घ्या, घरी उघडून चाखा आणि लेबलचा फोटो काढून ठेवा. आवडली तर त्याच आठवड्यात परत जा, कारण साठा संपला की त्या जागी पुढच्या सालाची बाटली येते आणि तिची चव वेगळी असू शकते.