अँटीव्हायरसला न सापडलेलं दुखणं: घरचं वाय-फाय कसं सांभाळावं

ताईच्या घरी कुठलीही वेबसाइट उघडायला गेलं की मध्येच भलत्या जाहिरातींचं पान यायचं. लॅपटॉप अँटीव्हायरसने दोनदा तपासला, काही निघालं नाही. मोबाइल तर तिने पार रीसेट केला. मला खटकलं ते एवढंच, की मोबाइल डेटावर तोच फोन नीट चालायचा. राउटरची सेटिंग उघडली, तर डीएनएसच्या रकान्यात कुणीतरी परका पत्ता भरून ठेवलेला. डीएनएस वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देतं. तेच खोटं असलं, तर बँकेचं नाव बरोबर टाईप करूनही तुम्ही बनावट पानावर पोचू शकता. राउटरचं युजरनेम ॲडमिन होतं आणि पासवर्डही ॲडमिन.

वाय-फायचा पासवर्ड वेगळा आणि राउटरच्या सेटिंगचा वेगळा. हा दुसरा असतो हेच ताईला माहीत नव्हतं. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेल्या साठेक युजरनेम-पासवर्डच्या जोड्या लावून बघत.

म्हणून पहिलं काम हे. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाका, नेमका पत्ता बहुधा राउटरच्या स्टिकरवर असतो. आत गेल्यावर ॲडमिनचा पासवर्ड बदला आणि खुशाल वहीत लिहून ठेवा, इंटरनेटवरून येणाऱ्याला तुमची वही दिसत नाही. रिमोट मॅनेजमेंट, म्हणजे बाहेरून इंटरनेटवरून राउटरची सेटिंग उघडायची सोय, बंद करा. फर्मवेअर, म्हणजे राउटरमधलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करा. सेटिंग आधीच कुणी बदलली असेल, तर ताईकडे केलं तसं करा: मागच्या बारीक भोकातलं रीसेटचं बटण टाचणीने दहाएक सेकंद दाबून धरा आणि सगळं नव्याने भरा. कंपनीने अपडेट देणं थांबवलं असेल, तर राउटरच बदला. मी तरी तिथे काटकसर करत नाही.

आता वाय-फाय. सेटिंगमध्ये वाय-फायला कुलूप लावायच्या पद्धतींची यादी असते. तिच्यात डब्ल्यूपीए-३ असेल तर तेच निवडा, नाहीतर एईएस या सांकेतिकीकरणासह डब्ल्यूपीए-२. डब्ल्यूईपी ही जुनी पद्धत २००१ सालीच फुटली, तिला हात लावू नका. डब्ल्यूपीए-२ मध्ये पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो, पण आठावर थांबू नका. तुमचा फोन जोडला जाताना हवेत जी देवाणघेवाण होते ती कुणी टिपून घेतली, की तो घरी बसून निवांत लाखो पासवर्ड ताडून बघू शकतो, तुम्हाला पत्ताही लागत नाही. तिथे लांबीच वाचवते. एकमेकांशी संबंध नसलेले पाच शब्द सलग लिहा.

डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने उपकरण जोडायची सोय, मात्र आठवणीने बंद करा. तिचा पिन आठ आकडी, पण राउटर आधी पहिले चार आकडे तपासतो, मग पुढचे तीन. आठवा तर आधीच्या सातांवरूनच निघतो. म्हणजे कोटभर नव्हे, फार तर ११,००० प्रयत्न. हे २०११ मध्ये उघड झालं. काही राउटर चुका झाल्यावर पिन अडवतात, पण त्या भरवशावर राहू नका. पिन हाती लागला की तुमचा पासवर्ड, कितीही लांब असो, राउटर स्वतःच देऊन टाकतो.

नेटवर्कचं नाव लपवण्यात वेळ घालवू नका, साध्या स्कॅनरला ते दिसतंच. त्यापेक्षा टीव्ही, कॅमेरे आणि पाहुणे गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे त्याच राउटरच्या वेगळ्या वाय-फायवर, टाका.

महिन्यातून एकदा जोडलेल्या उपकरणांची यादी बघा. अनोळखी नाव दिसलं की लगेच घाबरू नका. हल्लीचे फोन स्वतःचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कवर उपकरण ओळखायचा क्रमांक, बदलून जोडले जातात. घरातल्या एकेका उपकरणाचं वाय-फाय बंद करा आणि यादीतून काय गळतं ते पाहा. सगळं बंद करूनही एखादं नाव उरलंच, तर पासवर्ड बदला आणि आपली उपकरणं एकेक करून पुन्हा जोडा.