बर्ड फ्लूच्या दिवसांत गावरान कोंबड्या आत कशा ठेवाव्यात

आसपासच्या गावात कोंबड्या, कावळे किंवा बगळे पटापट मेल्याचं कानावर आलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी खुराड्याचं दार उघडायचं नाही. आदेश निघेल, दवंडी होईल, मग बघू, असं म्हणत थांबू नका. मराठवाड्याला हा रोग नवा नाही. जानेवारी 2021 मध्ये परभणीजवळच्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या मेल्या आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. जानेवारी 2025 मध्ये उदगीर शहरात कावळे मरून पडले, त्यांच्यातही तोच विषाणू सापडला.

दोन्ही वेळा थंडीच होती. गारव्यात हा विषाणू ओल्या विष्ठेत आणि पाण्यात कितीतरी दिवस जिवंत राहतो. नेमक्या याच दिवसांत नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, आणि लहानमोठ्या तलावांवर परदेशातून आलेली बदकं उतरलेली असतात. बदक वरून धडधाकट दिसतं, पण विष्ठेतून विषाणू टाकत असतं. तिथलं पाणी प्यायलेला, मेलेलं पाखरू टोचलेला कावळा आपल्या उकिरड्यावर येतो, आणि आपली कोंबडी तोच उकिरडा उकरत असते. कोंबडी आत ठेवायची ती एवढ्यासाठी. शेततळ्याचं पाणीही या काळात कोंबड्यांना देऊ नका. विहिरीचं किंवा बोअरचं द्या आणि भांडं आतच ठेवा.

आत ठेवायचं म्हणजे माणसांच्या घरात नव्हे. बाजेखाली डालगं, शेजारी झोपलेली लेकरं, हे या काळात अजिबात नको. रात्रीचं खुराडंही दिवसभरासाठी पुरत नाही. तिथं कोंबड्या अंगावर अंग टाकून बसतात, एकीला झालं की सगळ्यांना होतं. एका कोंबडीला किमान दोन चौरस फूट जागा लागते. मोकळं फिरायची सवय असलेल्या गावरान कोंबडीला तीन फूट दिली तर बरं. म्हणजे दहा कोंबड्यांना सहा बाय पाच फुटांची जागा झाली. गोठ्याचा एक कोपरा आडोसा करून वेगळा काढता येतो, पडवी चालते, पऱ्हाट्यांचा कूड घालून वर पत्रे टाकले तरी भागतं.

बरेच जण इथं चुकतात. चारी बाजूंनी जाळी मारतात आणि वरचं उघडं सोडतात, किंवा वरही जाळीच टाकतात. कावळा जाळीवर बसतो, त्याची विष्ठा सरळ खाली दाण्यात पडते. म्हणून वर छप्पर पाहिजेच. पत्रा, ताडपत्री, काहीही चालेल, पण त्यातून थेंब गळता कामा नये, आणि पागोळीचं पाणी आत येणार नाही एवढं ते बाहेर काढा. बाजूंना चिमणी शिरणार नाही अशी बारीक जाळी लावा. भाजीपाल्याच्या शेडनेटचे उरलेले तुकडे यासाठी उत्तम. रात्री गार वारं सुटलं की त्यावर गोणपाट सोडा आणि सकाळी न चुकता वर करा. कोंडलेली हवा कोंबड्यांना थंडीपेक्षा जास्त मारते. ती कशी ओळखायची? सकाळी आत जाऊन कोंबडीच्या उंचीला उकिडवे बसा आणि दोन मिनिटं श्वास घ्या. उभ्या माणसाला काही जाणवत नाही, पण खाली डोळे चुरचुरले, नाकाला झणझणलं, तर कोंबड्या रात्रभर त्यातच होत्या असं समजा. मग खालचा ओला भुसा काढा, कोरडा घाला आणि वाऱ्याला वाट करून द्या.

खाली लाकडाचा भुसा, तूस किंवा भुईमुगाची टरफलं दोन-तीन इंच पसरा आणि रोज काडीनं वरखाली करा. पाण्याच्या भांड्याभोवती हमखास ओल होते. तिथला भुसा रोज बदलून थोडा चुना भुरभुरा.

एवढं करूनही विषाणू आत आला, तर तो बहुधा आपल्या पायाला लागून येतो. शेतातून, तलावाकाठून, चिकनच्या दुकानावरून आलेली चप्पल घेऊन थेट कोंबड्यांत जाऊ नका. दाराशी एक जुनी चप्पल कायमची ठेवा. ती फक्त आत जाताना घालायची, इतर कुठेही नाही. उंबऱ्यापाशी फिनेलच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट टाका आणि ते पाणी रोज बदला. चिखल-शेणाने माखलेल्या पायांवर औषधाचा काही उपयोग होत नाही, म्हणून आधी घासून धुवायचं, मग त्या गोणपाटावर पाय द्यायचा. आत जाताना आणि बाहेर आल्यावर साबणानं हात धुवा. या विषाणूचं वरचं आवरण स्निग्ध असतं, साध्या साबणानंही ते फुटतं. बहुतेक घरांत कोंबड्यांचं सगळं बायाच बघतात, त्यामुळे हा सल्ला आधी त्यांच्यापर्यंत पोचवा. आणि आत जाणारं माणूस एकच ठेवा.

कोंबडखताचं लोकांच्या लक्षात येत नाही. साथीच्या काळात पोल्ट्रीवरून खताची ट्रॉली आणून घराजवळ ढीग मारू नका. आठवडी बाजारातून नवी कोंबडी आणू नका आणि विकायला नेलेली परत आणू नका. आणलीच असेल, तर तीन आठवडे अगदी वेगळी ठेवा. कोंबडी खुडूक झाली तरी सध्या अंड्यांवर बसवू नका, कोंडलेल्या जागेत पिल्लांची भर नको.

कोंडलेल्या कोंबडीचं पोट आता पूर्णपणे तुमच्यावर आहे. किडे, गवत, सांडलेली ज्वारी, काहीच तिला मिळत नाही. मोठ्या कोंबडीला दिवसाला 100 ते 120 ग्रॅम खाद्य लागतं. दहा किलोचं घरी करायचं, तर मका किंवा ज्वारीचा भरडा सहा किलो, सोयाबीन पेंड दोन किलो, गव्हाचा कोंडा सव्वा किलोच्या आसपास, शिंपल्याची पूड अर्धा किलोहून थोडी जास्त आणि दोनशे ग्रॅम खनिज मिश्रण. घरचं सोयाबीन कच्चंच भरडून घालू नका, ते कोंबडीला पचत नाही. सरकी ढेपही नको. खाद्य झाकून ठेवा, उंदीर आणि चिमण्या दोन्ही त्यावर येतात. कोंडलेल्या कोंबड्या एकमेकींची पिसं उपटायला लागतात. त्यांच्या डोक्याच्या उंचीला मेथीची किंवा शेवग्याच्या पाल्याची जुडी टांगा, दिवसभर त्या तिच्याशी झटत राहतात. एका कोपऱ्यात कोरडी माती आणि राख ठेवा, धुळीत लोळायला मिळालं की अंगावरच्या उवाही कमी होतात.

आता मरतुकीबद्दल. तुरा आणि गळ्याखालची लोंब निळी-जांभळी पडणं, डोकं सुजणं, पायांवर लाल ठिपके, हिरवट पातळ विष्ठा, अंडी एकाएकी बंद होणं, किंवा कसलंही लक्षण न दिसता एका रात्रीत दोन-चार कोंबड्या मरणं, अशा खुणा असतात. मानमोडीतही (राणीखेत रोगातही) यातलं बरंच दिसतं, त्यामुळे नुसतं बघून कोणालाच ठरवता येत नाही. ते प्रयोगशाळेत ठरतं, आणि पक्कं निदान भोपाळच्या राष्ट्रीय संस्थेत होतं. तोवर पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा 1962 या क्रमांकावर लगेच कळवा. ग्रामपंचायतीलाही सांगा. 2009 च्या कायद्यानं असं कळवणं पक्षी पाळणाऱ्यावर बंधनकारक आहे.

मेलेली कोंबडी उकिरड्यावर, ओढ्यात किंवा कुत्र्यांपुढे टाकू नका. हाताला पिशवी बांधून, तोंडावर रुमाल घेऊन ती दोन पिशव्यांत घाला आणि डॉक्टर येईपर्यंत पाटीखाली झाकून ठेवा. आणि एक गोष्ट हात जोडून सांगायची आहे. कोंबडी मलूल दिसली की ‘मरायच्या आधी कापून खाऊ’ असं आपल्याकडे सर्रास होतं. माणसाला खरा धोका तिथंच आहे, कापताना, पिसं सोलताना आणि आतडी काढताना. निरोगी कोंबडीचा रस्सा खळखळून शिजला की भीती नाही, 70 अंशांला हा विषाणू मरतो. अंडीही पूर्ण उकडून खा, अर्धकच्ची नकोत. आजारी कोंबडी हाताळलेल्या माणसाला पुढच्या काही दिवसांत ताप-खोकला आला, तर डॉक्टरांना कोंबड्यांचं आधी सांगा.

सगळ्या मारून टाकतील या भीतीनं लोक लपवतात. रोग पक्का झाला की एक किलोमीटरच्या आतले पक्षी नष्ट करतात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवतात, हे खरं आहे. अंड्यांच्या पैशावर वही-पेन घेणाऱ्या घरावर तो घाव मोठाच असतो. पण नुकसानभरपाई मिळते ती पशुसंवर्धन विभागानं नष्ट केलेल्या पक्ष्यांची. आधीच मेलेल्या, गुपचूप पुरलेल्या कोंबडीचे पैसे मिळत नाहीत. म्हणजे कळवायला जितका उशीर, तितकी भरपाईही कमी.

निर्बंध उठल्याचं पशुवैद्यकीय दवाखान्यातून कळल्यावरच कोंबड्या मोकळ्या सोडा. त्याआधी अंगणातला जुना पालापाचोळा, साचलेलं पाणी आणि पक्ष्यांची विष्ठा काढून चुना टाका आणि दोन-चार दिवस कडक ऊन लागू द्या. मानमोडीची लस राहिली असेल, तर कोंबड्या आत आहेत तोवरच टोचून घ्या. मोकळ्या सुटल्यावर पुन्हा सगळ्या हाती लागत नाहीत.