गाडीच्या आवाजाचा त्रास: सायलेन्सरच्या या चुका टाळा

संध्याकाळी नागपुरात फुटाळा तलावावर उभं राहिलं की कानावरून गाड्या ओळखता येतात. कोणी लाँग बॉटल (बाहेरून घेतलेला लांब, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर) लावली, कोणी आतली नळी काढून टाकली आणि कोणाचा सायलेन्सर नुसताच सडला, सगळं कळतं. चालान फाडणाऱ्याला यात फरक करायला सवड नसते. गाडीमालकाला मात्र तो यायलाच हवा, कारण तिन्हींचा इलाज वेगळा आहे.

मोबाइलवर डेसिबल मोजून निर्धास्त होणं

"80 च्या आत आहे भाऊ, हे बघ." ही थाप दुकानदार मारतो आणि पोट्टे ती चौकात पोलिसाला ऐकवतात. आकडा खरा आहे, पण तो लावलाय भलत्याच जागी. 80 सीसीपर्यंतच्या मोटरसायकलला 75 डेसिबल, 80 ते 175 सीसीला 77 आणि त्यावर 80 ही मर्यादा गाडी बनवणाऱ्या कंपनीसाठी आहे. ती चाचणी मोकळ्या ट्रॅकवर होते. गाडी पूर्ण थ्रॉटल देऊन पुढून नेतात आणि मायक्रोफोन तिच्या मार्गापासून 7.5 मीटरवर असतो. धरमपेठेत फुटपाथवर उभं राहून आयडलिंगवरच्या (थ्रॉटल न देता नुसत्या चालू ठेवलेल्या) गाडीचा 74 आकडा दाखवला, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

अंतराचा हिशेब तर बहुतेकांच्या गावीच नसतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. म्हणजे पाइपापासून अर्ध्या मीटरवर 100 दाखवणारा आवाज 7.5 मीटरवर 76-77 च्या घरात येतो. शिवाय मोबाइलचा माइक बोलणं टिपायला बनवलेला असतो. मोठा आवाज आला की तो दाबला जातो आणि ॲप आपलं काहीतरी ठोकून देतं.

मुळात चालान डेसिबलच्या आकड्यावर अडत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने ठरवलेल्या रचनेत मनाने बदल करता येत नाही. कलम 182-अ(4) मध्ये अशा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. आवाज आणि प्रदूषणाचं कलम 190(2) वेगळं. त्यात पहिल्याच वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, वर तीन महिने लायसन्स रद्द. सायलेन्सरला बगल देऊन धूर सोडणारा कट-आउट लावला असेल तर 194-फ लागतं, पहिल्यांदा 1,000 आणि पुढे 2,000. "आयएसआय मार्क आहे, चालतो" हे वाक्य यातल्या एकाही कलमात नाही.

ओरिजिनल सायलेन्सर भंगारात देणं

बीएस-4 आणि बीएस-6 (धुराच्या सरकारी मानकांच्या) गाड्यांमध्ये धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर एक्झॉस्टमध्येच बसवलेला असतो आणि त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महाग धातू असतात. भंगारवाला त्यावर झडप घालतो ती उगाच नाही, आणि नवा घ्यायला गेल्यावर डोळे पांढरे होतात तेही त्यामुळेच. बीएस-6 मध्ये ऑक्सिजन सेन्सरही असतो. एक्झॉस्टशी खेळ केला की मीटरवर इंजिनचा दिवा लागतो. तो दिवा "बंद करून देणारे" भेटतात; त्यांच्या नादी लागू नका.

सेकंडहँड बुलेट घेताना सौदा ठरण्याआधी ओरिजिनल सायलेन्सर मागा. "घरी आहे, देतो नंतर" म्हणणाऱ्याला पूर्ण पैसे देऊ नका. गाडी जप्त झाल्यावर तोच लावून दाखवावा लागतो आणि ऐनवेळी तो दुसऱ्या गाडीचा मिळतो, ज्याचा माउंटिंगचा होलच जुळत नाही.

आवाज वाढला की थेट सायलेन्सर बदलणं

साध्या 100-150 सीसीच्या गाड्यांची ही सगळ्यात सामान्य चूक. क्रम ठरलेला असतो. सकाळी गाडी चालू केली की चट-चट आवाज येतो आणि पाचेक मिनिटांत कमी होतो. मालक दुर्लक्ष करतो. महिन्याभरात आवाज फट-फट होतो, थ्रॉटल सोडला की फटाके फुटतात. मग रस्त्यावरचा मिस्त्री सांध्यावर एम-सील थापतो. एक्झॉस्टच्या उष्णतेपुढे ते टिकत नाही, दोन दिवसांत जळून गळतं. त्यानंतर वेल्डिंग, वेल्डिंगने वाकडा झालेला बेंड पाइप (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारी नळी), आणि शेवटी लोकल सायलेन्सर. तरी आवाज तसाच! कारण दोष पहिल्या दिवसापासून सिलिंडर हेड आणि बेंड पाइप यांच्यामधल्या गोल गॅस्केटचा, म्हणजे सांधा बंद करणाऱ्या रिंगचा असतो, आणि तो पार्ट त्या दुकानात सगळ्यात स्वस्तांपैकी एक.

गळती शोधायला अक्कल लागत नाही, धीर लागतो. इंजिन पूर्ण थंड असताना हेडजवळच्या सांध्यावर काजळीचा काळा ओघळ आहे का बघा. मग गाडी आयडलवर ठेवून जाड ओल्या फडक्याने सायलेन्सरचं तोंड दोन-तीन सेकंदच दाबा. गळती असेल तिथून फुस्स ऐकू येतं. हे थंड गाडीवर, मोकळ्या हवेत, हातमोजे घालूनच. गरम झाल्यावर धातू फुगतो आणि फट बुजते, म्हणून दुपारी मिस्त्रीकडे नेलेली गाडी गुणी बाळासारखी गप्प असते. रात्रभर तिथेच ठेवा आणि सकाळी त्याच्यासमोर चालू करा.

फटाक्यांचं कारणही बरेचदा हेच. थ्रॉटल सोडल्यावर फटीतून बाहेरची हवा आत खेचली जाते आणि न जळलेलं पेट्रोल पाइपात पेटतं. त्याला "रेसिंगचा आवाज" समजणाऱ्यांशी वाद घालू नये.

गॅस्केट बदलताना घाई केली तर स्टड (ज्यावर नट आवळतात तो आट्यांचा दांडा) तुटतो. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवावं. जुनी रिंग आत चिकटून राहते, ती खरवडून काढावी, तिच्यावरच नवी बसवू नये. दोन्ही नट आलटून पालटून, थोडे थोडे आवळावेत. एक आधीच गच्च केला की पाइप तिरपा बसतो आणि आठवड्यात पुन्हा चट-चट. सायलेन्सरचा मागचा बोल्ट सगळ्यात शेवटी.

सडलेल्या सायलेन्सरवर ठिगळं

जवळच्या जवळच्या फेऱ्यांत सायलेन्सर नीट तापत नाही, आत पाणी साचतं आणि तळाकडून गंज खातो. खाली पाणी निघायला बारीक छिद्र असतं. ते बिघाड समजून बुजवणारे महाभाग आहेत. हलवल्यावर आत खडखडलं तर बॅफल (आवाज दाबणारा आतला भाग) सुटलाय, बदलाच.

बाटलीत भांडी घासायची तार कोंबणं

चार दिवस आवाज दबतो, मग तार जळून मागून उडते. डीबी किलर (सायलेन्सरच्या तोंडात बसवायची आवाज कमी करणारी नळी) लावला तरी बदललेला सायलेन्सर कायदेशीर होत नाही.

शांतता क्षेत्र विसरणं

मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, शाळा, सिव्हिल लाइन्समधलं हायकोर्ट: अशा जागांभोवती 100 मीटर. तिथे मर्यादा दिवसा 50 आणि रात्री 40 डेसिबल. रात्र 10 ते सकाळी 6.

नंबर न टिपता तक्रार करणं

"रोज रात्री एक बुलेट जाते" यावर कोणी काही करू शकत नाही. नंबर पूर्ण हवा. एमएच 31, 40 आणि 49 तिन्ही नागपूरचेच. त्यासोबत वेळ, कोणत्या चौकातून कुठे गेली, आणि मागून काढलेला फोटो ज्यात प्लेट आणि सायलेन्सर दोन्ही दिसतात. पोट्टे गल्लीत चकरा मारतच असतील तर 112 लावा. त्यांना अडवायला स्वतः रस्त्यात उतरू नका.