कॉर्डमधला गंधार कुठे आहे?

माझ्याकडे गिटार शिकायला येणाऱ्या मुलांच्या मोबाइलमध्ये कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या, आकृत्यांचा ढीग असतो. कुपवाडहून येणाऱ्या एका मुलाला तर तीसेक कॉर्ड पाठ होत्या. "यातला गंधार कुठल्या बोटाखाली आहे?" असं विचारल्यावर मात्र तो गप्प झाला. मला फार वाईट वाटलं, कारण तो लहानपणी पेटी शिकला होता. सा, ग (म्हणजेच गंधार), प त्याच्या गळ्यात होते. तेच गिटारवर आहेत, एवढंच त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मेजर कॉर्ड म्हणजे सा, शुद्ध ग, प. मायनर म्हणजे सा, कोमल ग, प. हे आपल्याला परकं नाही. आमच्या मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढतात, म्हणजे घोडीचा माथा घासून तारेला गुंजणारा आवाज आणतात. ती नीट लागली की खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार ऐकू येतो. अख्खी तार हलताना तिचे तीन समान भागही थरथरतात, तो प; पाच भाग थरथरतात, तो ग. म्हणजे एका तारेत अख्खी मेजर कॉर्ड!

आता गिटार घ्या. सर्वांत जाड, म्हणजे सहावी तार मोकळी वाजवा आणि तिलाच सा माना. पेटीवर ही पांढरी तीन, इंग्रजी नाव ई. प्रत्येक पडदा (दांडीवरची आडवी धातूची पट्टी) म्हणजे अर्धा स्वर. तिसऱ्या पडद्यावर कोमल ग, चौथ्यावर शुद्ध ग, सातव्यावर प. हे तोंडाने म्हणत वाजवा, नुसतं मोजू नका.

मग ई मेजर धरा : पाचव्या आणि चौथ्या तारेवर दुसरा पडदा, तिसऱ्या तारेवर पहिला, बाकी मोकळ्या. जाड तारेपासून एकेक तार छेडा : सा, प, सा, ग, प, सा. सहा तारांत गंधार एकच, आणि तो तुमच्या तर्जनीखाली आहे. तर्जनी उचला. ग कोमल झाला, ई मायनर झाली. हे चार-पाच वेळा सावकाश करा. एका बोटाने सगळा रंग बदलतो, हे कानाला कळलं पाहिजे. इथे घाई करणारा विद्यार्थी पुढे अडतोच.

ए मेजरमध्ये सा म्हणजे ए, आणि गंधार दुसऱ्या तारेवर येतो; डी मेजरमध्ये सा म्हणजे डी, आणि गंधार पहिल्या तारेवर. दोन्हीकडे तो दुसऱ्या पडद्यावर आहे. पहिल्यावर आणला की मायनर. त्यासाठी बाकीची बोटं बदलून ठेवावी लागतात, पण बाकीचे स्वर तेच राहतात. ई मेजरमध्ये चौथ्या तारेवरचं बोट उचललंत तर मोकळ्या तारेवर कोमल नी मिळतो, ती ई सेव्हन.

जी मेजरला मात्र मुलं विचारतात, "हिची मायनर अशी सोपी का नाही?" नेहमीच्या धरण्यात जीचा गंधार दोन ठिकाणी असतो : पाचव्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर आणि मोकळ्या दुसऱ्या तारेत. पहिला एक पडदा मागे घेता येतो. मोकळी तार आणखी खाली कशी उतरवणार? म्हणून तिथे ई मायनरचा आकार तिसऱ्या पडद्यावर सरकवायचा आणि तर्जनी आडवी टाकून सगळ्या तारा दाबायच्या. बार कॉर्ड ती हीच. बोटं दुखतील, रोज दहाच मिनिटं करा, आणि प्रत्येक वेळी तिसरी तार वेगळी छेडून बघा, कारण इथला कोमल गंधार तिच्यावर आहे.