पंपावर साखर उतरत नसेल तर आधी पेन उचला

इन्सुलिन पंप कितीही स्मार्ट असला तरी त्यात फक्त जलद काम करणारं इन्सुलिन असतं. दिवसभर पुरणारं, लांब पल्ल्याचं इन्सुलिन शरीरात नसतंच. त्यामुळे नळी दुमडली किंवा त्वचेखालची कॅन्युला (इन्सुलिन आत सोडणारी बारीक नळी) वाकली, तर काही तासांतच कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडल्यावर रक्तात साठणारी आम्लं, वाढू लागतात.

साखर कारण नसताना 250 mg/dL च्या वर गेली, तर बोटातून रक्त घेऊन खात्री करा आणि पंपातून करेक्शन डोस (वाढलेली साखर उतरवण्यासाठीचा जादा डोस) द्या. तासाभराने पुन्हा तपासा. उतरली नसेल, तर पंपाकडूनच दुसरा डोस घेत बसू नका. डोस इन्सुलिन पेनने किंवा सिरिंजने घ्या, मग नळी-कॅन्युलाचा सेट बदला, नव्या जागी लावा आणि कीटोन तपासा. रक्तातले कीटोन 1.5 mmol/L किंवा जास्त असतील तर डॉक्टरांना लगेच फोन. उलट्या होत असतील तर थेट रुग्णालय.

अलार्म वाजला नाही म्हणून निर्धास्त राहू नका. इन्सुलिन त्वचेवर गळत असेल तर पंपाला ते कळतच नाही. पट्टी ओली लागते का, इन्सुलिनचा वास येतो का, ते पाहा. हा वास फिनाइलसारखा, एकदा ओळखला की विसरत नाही.

आणखी एक, बरेचदा राहून जाणारी गोष्ट: पेनने घेतलेला डोस पंपाच्या हिशेबात नसतो. ऑटो मोड (साखर पाहून पंप स्वतःच इन्सुलिन देतो ती सोय) चालू राहिला तर तो वरून आणखी इन्सुलिन देईल आणि साखर धाडकन खाली येईल. तेवढ्या वेळापुरता ऑटो मोड बंद ठेवायचा का, किती तास, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. बेसलचे, म्हणजे पंप दिवसभर थोडं थोडं देतो त्या इन्सुलिनचे, आकडेही त्याच कागदावर.